झाकण जागेवरच

सोमवारचा गृहपाठ रविवारी संध्याकाळी साडेसातला आठवणं, हा आमच्या भाचीचा जुना आजार आहे. आणि तो आठवला की मामाकडे येणं, हा त्याहून जुना.

"मामा, 'लाट' या शब्दाचे पाच अर्थ लिहायचेत, उदाहरणांसह. नऊच्या आत अपलोड करायचंय."

मी पेपर बाजूला न ठेवताच सांगितलं, "समुद्राची लाट, उष्णतेची लाट, थंडीची लाट, साथीची लाट, निवडणुकीतली लाट. झाले पाच. पळ."

"असं नाही चालणार. बाईंनी सांगितलंय, नुसती मागं नावं जोडायची नाहीत. या सगळ्यांना लाट का म्हणायचं, ते लिहायचंय."

सातवीच्या मुलांना असलं काही विचारणाऱ्या बाईंबद्दल माझ्या मनात त्या क्षणी जे आलं, ते मी मनातच ठेवलं. पेपर मात्र खाली ठेवला.

मुलांना प्रात्यक्षिकातून शिकवावं, असं मी कुठंतरी वाचलं आहे. म्हणून कपडे भिजवायचं टब पाण्यानं भरून हॉलमध्ये आणलं. ('हॉलमध्ये का?' हा प्रश्न बायकोनं तेव्हाही विचारला होता आणि पुढंही बरेच दिवस विचारला.) पाण्यात मधोमध बाटलीचं झाकण सोडलं आणि मोठ्या रुबाबात म्हणालो, "आता बघ. मी इकडून लाट सोडतो. ती या झाकणाला उचलून पलीकडच्या काठाला नेऊन टाकेल."

बोट बुडवलं. लाट निघाली, अगदी गोल आणि देखणी. झाकणापाशी पोचली. झाकण वर गेलं, खाली आलं, जरासं मागंपुढं डुललं आणि होतं तिथंच राहिलं. लाट मात्र पलीकडच्या काठावर आपटून परतसुद्धा आली.

मी दोन बोटं बुडवली. मग पंजा. शेवटी तळव्यानं असा फटका मारला की निम्मं पाणी माझ्या पायजम्यावर आलं. झाकण जागेवरच.

"मामा, ते जात नाहीये."

"नाहीच जाणार!" मी म्हणालो. आपल्याला हे आधीपासून ठाऊक होतं असं दाखवायचं असेल, तर आवाज चढवावा लागतो. "पाणी जातच नाही मुळी. जातो तो धक्का. खोल समुद्रात लाट पुढं जाते तेव्हा पाण्याचा कण बिचारा वर-पुढं-खाली-मागं असा गोल फिरून जवळजवळ होता तिथंच येतो. शब्दच बघ ना. तरंग आणि तरंगणं. जे तरंगतं ते कुठंही जात नाही."

हे शेवटचं मला बोलता बोलता सुचलं होतं. भाचीनं ते लिहून घेतलं. माझी मान ताठ झाली.

दुसरं उदाहरण माणसांच्या लाटेचं. स्टेडियममध्ये एकेक रांग उठते, हात वर करते, बसते आणि लाट मैदानाभोवती धावते. १९८६च्या मेक्सिकोतल्या फुटबॉल विश्वचषकापासून ती जगभर ओळखीची झाली. शास्त्रज्ञांनी तिचाही अभ्यास केलाय. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार ती बहुतेक वेळा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं जाते, सेकंदाला साधारण वीस खुर्च्या ओलांडते आणि ती सुरू करायला दोन-तीन डझन माणसं लागतात. आम्ही घरात चारजण होतो. तरी सोफ्यावर मी, भाची, बायको आणि कडेच्या खुर्चीत आई, अशी लाट काढून पाहिली. आईपाशी ती संपली. "माझे गुडघे तुमच्या लाटेसाठी नाहीत," असं म्हणून आईनं फक्त भुवया वर केल्या.

तेवढ्यात बायको दुपारचं उरलेलं गरम करायला स्वयंपाकघरात गेली, मायक्रोवेव्हची घुरघुर सुरू झाली आणि इकडं लॅपटॉपवरचं पान अर्धवट उघडून थिजलं.

इथं एक कबुली. गेली दोन वर्षं मी या थिजण्याबद्दल इंटरनेटवाल्यांशी भांडतोय. तक्रार क्रमांकांची माझ्याकडं वही आहे. भाचीनं ते प्रकरण एका वाक्यात निकालात काढलं, "मामा, मामी ओव्हन लावते तेव्हाच नेट जातं."

मग तिनंच मला समजावलं. ओव्हनमधल्या लहरी आणि आमच्या जुनाट वायफायच्या लहरी, दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या. म्हणजे एकाच गल्लीत राहणाऱ्या. त्यात राउटरची ताकद वॅटच्या एका अंशाएवढी आणि ओव्हनची हजार वॅटच्या घरातली. ओव्हनच्या दाराच्या फटीतून आरोग्याला अपाय न करणारी चिमूटभर लहर जरी निसटली, तरी राउटरचं बोलणं तिच्यात बुडून जातं. बँडच्या शेजारी उभं राहून कुजबुजण्यातला प्रकार.

ताट समोर आलं. पहिल्या घासाला जीभ पोळली, दुसऱ्याला दात शिवशिवले. ओव्हनमधली फिरणारी काचेची तबकडी दोन महिन्यांपूर्वी माझ्या हातून फुटली होती. 'एवढ्यानं काय बिघडतंय' असं म्हणून मी तेव्हा जो विषय बंद केला होता, तो भाचीनं आता उघडला. आत लहरी भिंतींवर आपटून परत येतात, एकमेकींत मिसळतात आणि पुढं न जाता तिथल्या तिथं नाचत राहतात. जिथं जोरात नाचतात तिथं चटका, जिथं मुळीच नाचत नाहीत तिथं गारठा. दोन चटक्यांमध्ये साधारण सहा सेंटिमीटरचं अंतर. तबकडी फिरते ती हे सगळं सारखं व्हावं म्हणून.

बायकोनं माझ्याकडं नुसतं पाहिलं. ती नजर कुठल्याही माध्यमाशिवाय पोचते.

आठ चाळीस झाले. ओव्हन बंद, पण पान अजून उघडत नव्हतं. मी फोन हातात उंच धरून खोलीभर फिरलो, खुर्चीवर चढलो, खिडकीबाहेर हात काढला. १४ सप्टेंबर २०१५ रोजी शास्त्रज्ञांनी १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन होताना उठलेली गुरुत्वीय लाट पकडली. चार-चार किलोमीटर लांब बाहूंच्या यंत्रात ती मोजली तेव्हा लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या रुंदीच्या साधारण हजाराव्या भागाएवढा होता. आणि मला शेजारच्या खोलीतला राउटर सापडत नव्हता.

"आत्ताच गरम करायची लहर कशी आली गं तुला?" मी वैतागून बायकोला विचारलं.

"लहर!" भाची ओरडली. "हाही अर्थ लिहू?"

लिही म्हटलं. हे एक मला मराठीचं कोडं वाटतं. विज्ञानातली साधी लहर म्हणजे शिस्तीचा कळस. इतक्या अंतरावर शिखर, इतक्या अंतरावर दरी, सेकंदाला इतक्या वेळा. आणि आपण लहरी म्हणतो ते मात्र सकाळी हो आणि दुपारी नाही म्हणणाऱ्याला.

निवडणुकीच्या लाटेला आम्ही एक ओळ दिली. ती निकालाआधी कुणालाच दिसत नाही आणि निकालानंतर सगळ्यांना आधीच दिसलेली असते.

मग भाचीनं विचारलं, "तू कधी लाटेत सापडलायस, मामा?"

सापडलोय की. पहाटे पाचला उठण्याची लाट आली होती. व्यायामाची आली होती. त्यातली चटई आता सोफ्याच्या डुगडुगत्या पायाखाली घडी करून आहे. शेअर बाजाराची आली तेव्हा मी तीन आठवडे आलेखांतल्या लाटा मोजत होतो. घरातला पसारा कमी करण्याची लाट आली, तेव्हा त्यावरची चार पुस्तकं घरात आली. दर वेळी मी वर गेलो, खाली आलो, जरा डुललो. आत्ता बसलोय त्याच खुर्चीत.

"म्हणजे तू झाकण," भाची म्हणाली आणि खाली मान घालून लिहू लागली. ते तिनं गृहपाठात घातलं की नाही, हे मी विचारलं नाही.

चार झाले होते. पाचवा अर्थ कुणालाच सुचेना. शेवटी कोपऱ्यातून आई म्हणाली, "दुसऱ्याचं लाटणं लिही. लोकांचे पैसे लाटतात ते."

भाषेच्या अभ्यासकाला हे चालेल की नाही, ठाऊक नाही. मला मात्र फार पटलं. आमच्या यादीत एवढ्या एकाच ठिकाणी माल खरोखर इकडून तिकडं जात होता.

आठ छप्पन्न. फोटो काढले, पान उघडलं, अपलोडचं बटण दाबलं. चाळीस टक्के. सत्तर. भाची श्वास रोखून बसलेली. ब्याण्णव.

"तुझं ताट तसंच गार राहिलंय रे," आईचा आवाज स्वयंपाकघरातून आला. तिचे गुडघे नेमके आत्ता चालले होते. "मीच करून देते गरम."

टीं. घुर्रर्र.

पडद्यावरचं गोल चक्र फिरायला लागलं. जागच्या जागी.