खाज

कुणाला कसली खाज असते, मला झाडांच्या बिया गोळा करायची आहे. यंदा ती अंगावरच उठली.

शिमग्याच्या आदल्या दिवशी कोल्हापुरात ताराबाई पार्कात एका बंगल्याच्या कंपाउंडबाहेर भेरली माडाची लालभडक फळं पडलेली दिसली. भेरली माड म्हणजे तोच, माशाच्या शेपटीसारखी पानं आणि जटा सोडल्यासारखे लोंबणारे घोस. गाडी लावली, पिशवी नव्हती म्हणून हेल्मेटमध्ये चाळीसेक फळं भरली आणि घरी आलो. पामची बी ताजीच लावायची आणि आधी गर पूर्ण काढायचा, नाहीतर बुरशी धरते, एवढं मला पाठ होतं. आईनं पोळीसाठी काढून ठेवलेली पुरणाची चाळण समोरच होती, म्हटलं हिच्यावर घासलं की काम फत्ते.

पाच मिनिटांत दोन्ही हातांना कुणीतरी बारीक सुया टोचतंय असं वाटायला लागलं, मग मनगट, मग नाक खाजवलं तर नाक पण, साबण लावला तर आणखीनच वाढलं, आई म्हणते कांदा-लसूण चटणीचा डबा उघडा ठेवला होतास काय. शेवटी आजी उठून आली. "अळू चिरताना हाताला चिंच चोळत्यात, एवढं बी ठावं न्हाई व्हय रं तुला?" आजीचं बरोबरच होतं, अळूत आणि ह्या फळांत, दोन्हीत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुयांसारखे स्फटिक असतात. फक्त माझ्या डोक्यात ते केमिस्ट्रीच्या कप्प्यात होतं आणि आजीच्या स्वयंपाकाच्या. सणाच्या तोंडावर चिंचेच्या कोळात हात बुडवून बसलो. पुरण शेजारच्यांच्या चाळणीतून निघालं.

आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना तेच हेल्मेट घातलं. पुढचं सांगत नाही.

बिया तीन दिवस पाण्यात ठेवल्या, रोज पाणी बदललं, मग झिपलॉकच्या पिशवीत ओलसर कोकोपीट घालून इन्व्हर्टरवर, कारण ह्यांना खालून ऊब लागते. आणि वाट बघायची. महिना गेला, काही नाही. दोन गेले. मी रोज पिशवी उघडून हुंगायचो, त्यानंच बहुतेक बुरशी आली आणि निम्म्या बिया गेल्या. एक अण्णांनी अडकित्त्यानं फोडली, आत सुपारीसारख्याच रेघा बघून खूश झाले, तोंडात टाकली आणि लगेच बेसिनकडं पळाले. (दोन्ही एकाच खानदानातली, म्हणून रेघा जुळल्या. चव नाही जुळली.)

आषाढात गल्लीची टेंबलाईदेवीला नदीचं नवं पाणी घालायची गडबड, खाली पी-ढबाक वाजंत्री वाजतीय आणि एका बीला पांढरं टोक! मी आनंदात ते टोक वर करून कुंडीत लावलं. ते मूळ निघालं, पण बिचारं स्वतःच वळून खाली गेलं. तीन-चार आठवड्यांनी घडीचं एक पान आलं, टोकाशी कुरतडल्यासारखं, अगदी माशाची शेपटी.

आई म्हणाली, "हे किती वाढतंय?"

"चाळीस-पन्नास फूट."

आम्ही राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर राहतो.

"आणि फळं?"

"पंधरा-वीस वर्षं जातील, मग वरून खाली एकेक घोस येत जातो आणि शेवटचा झाला की झाड मरतं."

अण्णांनी पेपर खाली घेतला. "मग तवर हेल्मेट तरी धुऊन ठेव."