एका दिवसात पॅरिस, म्हणे!

राग उतरेल म्हणून चार दिवस थांबले. उतरला नाही. म्हणून आता लिहून टाकते.

ब्रसेल्सहून पॅरिस, एका दिवसात, आरामदायी कोचने, गाइडसह. मी आणि आई. जून महिना, वार मंगळवार. मंगळवार लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आधी माझा मूर्खपणा कबूल करते. ब्रसेल्सहून पॅरिसला जलद रेल्वे एक तास बावीस मिनिटांत पोचवते. मला हे माहीत होतं. पण दोघींची ऐन वेळची तिकिटं, मग तिथली मेट्रो, तिचे जिने, आईचे गुडघे असा सगळा विचार केला आणि म्हटलं, बस बरी. सगळं दाखवते, कुठे शोधाशोध नको, संध्याकाळी आणून सोडते. शिवाय आईला बघायची होती एकच गोष्ट. रात्री लुकलुकणारा आयफेल टॉवर. पत्रकावर नेमका तोच फोटो होता, पानभर. काळंनिळं आकाश आणि त्यात सोन्यासारखा टॉवर. ते पत्रक आईने घडी घालून पर्समध्ये ठेवलं होतं.

तर ऐका. जूनमध्ये पॅरिसला सूर्य मावळतो रात्री दहाच्या सुमाराला. टॉवरवरचे ते वीस हजार दिवे अंधार पडल्यावर, दर तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटं लुकलुकतात. आणि आमची बस पॅरिसहून परत निघाली सव्वापाचला. लख्ख ऊन. इतकं की पुढच्या बाईने पडदा ओढून घेतला. म्हणजे ऐन उन्हाळ्यात ही सहल घेणाऱ्या एकाही माणसाला तो पानभर फोटो प्रत्यक्षात दिसणं शक्यच नाही. आणि ज्याने तो फोटो निवडला त्याला हे ठाऊक नव्हतं, असं कृपा करून मला कुणी सांगू नका.

सकाळी साडेसहाला हजर राहा, बस थांबणार नाही, असा दम देणारा मेसेज आदल्या रात्री आला होता. आम्ही सव्वासहाला. बस निघाली सातला, कारण आणखी दोन ठिकाणांहून माणसं यायची होती. थांबणार नाही ती फक्त आमच्यासाठी. सीट मिळाली चाकावरची, जिथे पाय ठेवायच्या जागी उंचवटा असतो आणि गुडघे हनुवटीला लागतात. मागे टॉयलेट होतं. त्याचं पत्रकात एक छोटं चित्रही होतं, मानवाकृती आणि सगळं. दाराला कुलूप. विचारलं तर म्हणे, ‘फक्त आणीबाणीसाठी’. एकाहत्तर वर्षांच्या बाईला दोन तासांनी टॉयलेटला जायचंय, ह्याहून मोठी आणीबाणी कोणती असते हो? बस पेट घ्यायला हवी का?

आता गाइडबाई. बाई वाईट नव्हत्या, हसतमुख होत्या, पण त्यांना एकच वाक्य तीन भाषांत बोलायचं होतं. आधी डच, मग स्पॅनिश, मग इंग्रजी. बस चालू. तुमच्या लक्षात येतंय ना काय होणार? ‘तुमच्या उजव्या हाताला’ हे आमच्या कानावर पडेपर्यंत उजव्या हाताला एक बँक असायची. प्लास द ला कॉन्कॉर्द ह्या चौकातला तो इजिप्तचा स्तंभ, लक्सॉरहून आणलेला, तीन हजारांहून जास्त वर्षांचा, १८३६ मध्ये तिथे उभा केलेला. ही माहिती मला मिळाली एका ट्रॅफिक सिग्नलकडे बघत. डच लोकांनी स्तंभ पाहिला, स्पॅनिश लोकांनी पाहिला असावा. आम्ही सिग्नल पाहिला.

आर्क द त्रियोंफला बसने एक गोल फेरी मारली. बारा रस्ते एकत्र येतात तिथे. त्या कमानीची खरी गंमत खाली उभं राहण्यात आहे. आतल्या भिंतींवर कोरलेली सेनापतींची नावं, खाली अज्ञात सैनिकाची समाधी, तेवत ठेवलेली ज्योत. त्यासाठी भुयारी वाटेने चालत जावं लागतं. आम्हाला खिडकीच्या चौकटीत कमानीचा एक पाय दिसला. एक. आई म्हणाली, “अगं, ही वरपर्यंत आहे का?”

मग मी पत्रक पुन्हा काढलं आणि नीट वाचलं. जे घरी करायला हवं होतं ते. तेव्हा ट्यूब पेटली की ह्या लोकांचा एक कोश असतो. ‘व्हिजिट’ असेल तिथे तुम्ही आत जाता. ‘व्ह्यू’ म्हणजे बसमधून दिसेल, दिसलं तर. ‘फोटो स्टॉप’ म्हणजे उतरा, वास्तूकडे पाठ करा, हसा, चढा. ‘पॅनोरॅमिक टूर’ म्हणजे वाहतूक कोंडी, पण माइकसह. आमच्या सगळ्या पत्रकात ‘व्हिजिट’ हा शब्द एकाच ठिकाणी होता. सांगते कुठे.

अत्तराच्या दुकानात.

पंचेचाळीस मिनिटं. घड्याळ लावून. आधी एका खोलीत बसवून गुलाबापासून तेल कसं काढतात ते सांगितलं (हे मात्र एकाच भाषेत, सावकाश, स्पष्ट, वा!). मग मनगटावर फवारे, मग दुसऱ्या मनगटावर, मग ज्या खोलीतून बाहेर पडायचं तिथे काउंटर. त्याशिवाय दुसरं दार नाही. ज्या गाइडबाई सकाळपासून ‘वेळ नाही, चला चला’ करत होत्या, त्या इथे खुर्चीत बसून कॉफी पीत होत्या. इथे वेळच वेळ. त्यानंतर ‘फ्री टाइम’ पन्नास मिनिटं, त्याच दुकानाच्या आसपास. कारण बस तिथेच परत येणार. पन्नास मिनिटांत कुठे जाणार? सँडविचच्या रांगेत.

आता हिशेब मांडते, कारण मी तो परतीच्या वाटेवर तीनदा मांडलाय. ट्रोकादेरोला, टॉवरच्या समोर, वीस मिनिटं. लूव्र संग्रहालयाच्या आवारात, त्या काचेच्या पिरॅमिडसमोर, पंधरा मिनिटं. नोत्र-दाम चर्चसमोर, नदीच्या अलीकडच्या काठावर, पंधरा मिनिटं. झाले पन्नास. बोटीतला एक तास वेगळा, तो चांगला गेला, खोटं कशाला बोलू. पण पायाखाली पॅरिसची जमीन आणि डोळ्यांसमोर काहीतरी बघण्यासारखं, अशी एकूण मिनिटं पन्नास. अत्तराला पंचेचाळीस. पाच मिनिटांनी जिंकलं पॅरिस.

आणि आता तो मंगळवार. लूव्र दर मंगळवारी बंद असतं. आजचा नियम नाही, जगजाहीर आहे. ही बस आठवड्यातून तीनदा जाते आणि त्यातला एक वार मंगळवार. मी गाइडबाईंना विचारलं, तर त्यांनी अगदी प्रेमाने माझ्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “तसंही आपण आत जाणारच नव्हतो, त्यामुळे तुमचं काही हुकलं नाही.” मी आजवर पुष्कळ निर्लज्ज उत्तरं ऐकली आहेत. हे त्यांतलं पहिल्या तीनांत.

त्या आत का जात नाहीत हेही मग कळलं. फ्रान्समध्ये संग्रहालयांत आणि ऐतिहासिक वास्तूंत पर्यटन कंपनीने माहिती सांगत फिरवायचं तर त्यासाठी व्यावसायिक कार्ड असलेला मार्गदर्शक लागतो. आमच्या बाईंकडे ते नव्हतं. म्हणजे ‘गाइडसह’ ह्या शब्दात गाइड म्हणजे माणसं मोजणारी व्यक्ती. ती त्यांनी चोख मोजली. एकेचाळीस. दर वेळी एकेचाळीस.

नोत्र-दामचं सगळ्यात जास्त लागलं. २०१९ च्या एप्रिलमध्ये ते पेटलं तेव्हा आम्ही दोघी टीव्हीसमोर बसून तो मनोरा कोसळताना बघत होतो. पाच वर्षांहून जास्त काळ बंद राहून २०२४ च्या डिसेंबरमध्ये ते उघडलं. नवा मनोरा, धुऊन उजळलेले दगड. आत जायला पैसे लागत नाहीत. फुकट आहे! रांग होती, पण सरकत होती. आई म्हणाली, “आपण पटकन आत डोकावून येऊ.” पंधरा मिनिटांत पूल ओलांडून, रांगेत उभं राहून, आत जाऊन, परत बसपाशी? मी “नको” म्हटलं. आईला मी “नको” म्हटलं, ह्याचा राग मला त्या कंपनीवर येतोय आणि स्वतःवरही.

आणि हो, ‘ड्रायव्हरचे तास’. दिवसभर हाच मंत्र. थांबता येणार नाही, ड्रायव्हरचे तास. इथे वळता येणार नाही, ड्रायव्हरचे तास. मी आल्यावर वाचलं, तर नियम खरा आहे आणि एकदम योग्य आहे. युरोपीय संघात साडेचार तास गाडी चालवली की पंचेचाळीस मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते. दिवसाला नऊ तासच चालवता येतं, आठवड्यातून फक्त दोनदा दहा. गाडीत बसवलेलं टॅकोग्राफ नावाचं यंत्र सगळं नोंदवतं, तिथे थापा चालत नाहीत. त्या ड्रायव्हरबद्दल माझी काडीची तक्रार नाही. उलट अख्ख्या बसमध्ये कामाचं काम मुकाट्याने करणारा तो एकच. आईला उतरताना दर वेळी हात द्यायचा.

पण मग गणित करा ना. ब्रसेल्स ते पॅरिस सुमारे तीनशे किलोमीटर. मधला थांबा सोडून जायला चार तास, यायला चार तास. झाले आठ. उरलेल्या एक-दोन तासांत पॅरिसच्या गर्दीतून बस फिरवायची. शहराभोवतीच्या रिंगरोडवर वेगमर्यादाच ताशी पन्नास आहे, आणि आम्ही गेलो तेव्हा पन्नास हा आकडा पाटीवरच होता, काट्यावर नव्हता. म्हणजे हे ज्याने आखलं त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की ह्यात पॅरिस बसत नाही. तास कायद्याने ठरलेले आहेत, रस्ता तेवढाच आहे. तरी त्याने ह्या तासांत सात ठिकाणं कोंबली आणि वर अत्तर शिंपडलं. नियम ड्रायव्हरसाठी आहे हो, तुमची पळवापळवी झाकायला नाही. उतरवायची ठिकाणं निम्मी केली असती, ते दुकान काढलं असतं, तर त्याच तासांत आई नोत्र-दामच्या आत जाऊन बाकावर बसून आली असती.

निघताना दोघेजण वीस मिनिटं उशिरा आले, हातात दुकानाच्या पिशव्या. त्यांच्यासाठी बस थांबली. वर कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मी नाही वाजवल्या.

परतीच्या रस्त्यावर आई मोबाइलमधले फोटो बघत होती. सहासष्ट फोटो. बहुतेक काचेतून काढलेले, त्यामुळे प्रत्येक वास्तूवर आमच्या सीटच्या निळ्या कव्हराचं प्रतिबिंब आणि मध्ये आईचा स्वतःचा चेहरा. एका फोटोत आयफेल टॉवर आहे आणि त्याच्या बुंध्यापाशी बसचा आपत्कालीन हातोडा. साडेनऊच्या सुमाराला ब्रसेल्समध्ये उतरलो. आकाशात अजून उजेड होता. आईने वर बघितलं आणि म्हणाली, “म्हणजे आत्ता तिथे दिवे लागतील, नाही का?”

दुसऱ्या दिवशी मी तक्रार लिहिली. मुद्देसूद, फोटो जोडून. पर्यटकांना संरक्षण देणारा युरोपीय संघाचा पॅकेज टूरचा कायदा आहे, २०१५ चा, त्याचा हवालाही दिला. उत्तर आलं, आणि ते उत्तर बरोबर होतं हे सगळ्यात संतापजनक. चोवीस तासांपेक्षा कमी मुदतीची आणि रात्रीचा मुक्काम नसलेली सहल त्या कायद्यातून वगळलेली आहे. मी स्वतः कलम शोधून वाचलं. आहे तसंच. म्हणजे तुम्हाला ह्या तऱ्हेने गंडवायचं असेल, तर ते एका दिवसात उरकलेलं बरं.

फोटोबद्दल त्यांचं म्हणणं, तो ‘प्रातिनिधिक’ आहे. कशाचा प्रतिनिधी? डिसेंबरचा?

मेलच्या शेवटी त्यांनी सदिच्छा म्हणून सवलत दिली आहे. पुढच्या सहलीवर दहा टक्के. ‘अ‍ॅमस्टरडॅम, एका दिवसात’. खाली फोटो आहे. रात्रीचा कालवा, पुलाच्या कमानींवर दिव्यांच्या माळा.

मेल मी आईला दाखवला नाहीये.