कांद्याचा भाव पडला की दोष शेतकऱ्याचाच, हे खरे नाही

कांद्याचा भाव पडला की नाशिकमध्ये एक संदेश हमखास फिरू लागतो. शेतकरी गरजेपेक्षा जास्त कांदा लावतो, चाळीत, म्हणजे कांदा साठवण्याच्या हवेशीर शेडमध्ये, ठेवून भाव येईपर्यंत थांबत नाही आणि नुकसान झाले की सरकारकडे अनुदान मागतो, असे त्याचे म्हणणे असते. निफाड, चांदवड, येवला, सटाणा या पट्ट्यातील कांदा ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना यातील पहिले विधान अर्धे खरे वाटेल. उरलेली दोन वस्तुस्थितीला धरून नाहीत.

चांगल्या भावाच्या वर्षानंतर लागवड वाढते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु उन्हाळ कांद्याचे रोप टाकल्यापासून माल बाजार समितीत येईपर्यंत पाच-सहा महिने जातात आणि रोप टाकताना शेतकऱ्यासमोर असतो तो मागच्या हंगामाचा भाव. आपल्या जिल्ह्यात, शिवाय मध्य प्रदेशात आणि गुजरातेत किती लागवड होणार आहे, हे त्याला त्या वेळी कळत नाही. त्यातच कांदा निम्म्या भावात मिळाला म्हणून कोणतेही घर दुप्पट कांदा खात नाही, त्यामुळे गरजेपेक्षा थोडा माल जास्त झाला तरी भाव त्या मानाने कितीतरी अधिक घसरतो. भावाची घसरण पाहून लागवडही तितकीच बेसुमार झाली असणार, असा निष्कर्ष काढणे म्हणूनच चुकीचे आहे.

‘चाळीत ठेवा आणि थांबा’ हा सल्ला तर सर्वांत सहज दिला जातो. मुळात खरिपाचा लाल कांदा साठवणुकीचा नाहीच. त्यात पाणी जास्त आणि पत्ती (वरची साल) पातळ असल्याने तो काढल्यावर लवकरच विकावा लागतो. टिकतो तो मार्च ते मे दरम्यान निघणारा उन्हाळ कांदा, आणि तोही चाळीत हवा खेळती राहिली तरच. म्हणून चाळीचा तळ जमिनीपासून उचललेला असतो, बाजूंना फटी ठेवतात आणि थर साधारण पाच फुटांच्या वर जाऊ देत नाहीत, कारण उंच थरात खालचा कांदा दबतो आणि आतली ऊब बाहेर पडत नाही. एवढे करूनही जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत सड वाढते, पुढे कोंब येतात आणि वजनातील घट सुरूच राहते. चार-पाच महिन्यांत तिसरा हिस्सा माल जाणे मुळीच नवलाचे नाही. मे महिन्यात १,२०० रुपये क्विंटलने विकता आले असते असे १०० क्विंटल कांदे साठवले आणि त्यांतले ६५ उरले, तर केवळ तेवढेच पैसे हाती येण्यासाठी क्विंटलला सुमारे १,८५० रुपये भाव मिळावा लागतो. निवडीची मजुरी आणि कर्जाचे व्याज त्यात धरलेले नाही. जूनमध्ये खरिपाच्या बियाण्या-खतांना पैसा लागतो, तेव्हा ज्याच्याकडे दुसरे उत्पन्न नाही त्याला थांबणे परवडत नाही. जे थांबू शकतात त्या सर्वांनी एकाच वेळी माल बाहेर काढला, तर आवकेचा लोंढा मे महिन्याऐवजी सप्टेंबरमध्ये येईल, इतकाच फरक पडेल.

अनुदानाचा मुद्दा थोडक्यात सांगता येतो. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल कांदा मातीमोल झाला, तेव्हा राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये दिले आणि त्यासाठी प्रत्येक शेतकऱ्यामागे २०० क्विंटलची मर्यादा घातली. म्हणजे जास्तीत जास्त ७०,००० रुपये. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राने ४० टक्के निर्यात शुल्क लावले, ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य ठरवले (त्याहून कमी दराने कांदा परदेशी पाठवता येत नाही) आणि ८ डिसेंबरला, लासलगाव-पिंपळगाव या नाशिकमधील बाजारांत नव्या लाल कांद्याची आवक वाढत असताना, निर्यातच बंद केली. ही बंदी ४ मे २०२४ ला उठली. शहरी ग्राहकाला कांदा परवडावा ही सरकारची चिंता रास्त आहे, पण परदेशी जाणारा माल देशातच अडवल्यावर बाजारात जो जादा पुरवठा झाला, तो शेतकऱ्याच्या खात्यावर मांडता येणार नाही. निर्यातीवर निर्बंध घालायचेच असतील, तर त्यांचे निकष रोप टाकण्यापूर्वी जाहीर व्हावेत आणि लागवडीचे तालुकावार आकडे हंगाम सुरू असतानाच मिळावेत; त्यानंतरच ‘जास्त का लावला’ हा प्रश्न शेतकऱ्याला विचारता येईल.