एक सील, एक वचन, एकच चुंबन

अमेरिकन ख्रिस्ती रोमँटिक सस्पेन्स लिहायचं मनात आहे? जरूर लिहा. वाचक भाविक आहेत, सोशिक आहेत, आणि नायक लष्करी असला की मुखपृष्ठाचीही चिंता मिटते: पाठमोरा गडी, मागे झेंडा, जमलंच तर एक कुत्रा. परवाच या जातीची एक कादंबरी शेवटच्या पानापर्यंत सोसून झाली. नाव सांगण्यात अर्थ नाही, तीच कादंबरी तुम्हाला दहा नावांनी सापडेल. तिच्यातून मिळालेलं ज्ञान आपल्या चरणी.

नायक नेव्ही सीलच हवा, म्हणजे अमेरिकन नौदलाचा कमांडो, आणि त्याला बेधडक 'सार्जंट' म्हणायचं. अमेरिकेच्या नौदलात सार्जंट नसतो, पेटी ऑफिसर आणि चीफ असतात, पण एवढं बघतंय कोण! कॅलिफोर्नियातल्या कोरोनाडोच्या वाळूत प्रशिक्षणाचे २४ आठवडे, त्यातल्या 'हेल वीक'च्या साडेपाच दिवसांत सगळी मिळून चारेक तास झोप, आणि नकोसं झालं की पितळी घंटा तीनदा वाजवून घरी जायची मुभा. ती घंटा न वाजवलेला माणूस कसा बोलतो, कसा गप्प बसतो, हे लिहायचं म्हणजे डोकेफोड. त्यापेक्षा जबडा लिहा. जबडा आवळला, जबडा सैल झाला, जबड्यावर खुंट वाढले. प्रकरणाला दोन जबडे पुरतात.

रजेची फिकीर नको. वर्षाला ३० दिवसच मिळतात, पण तुमचा नायक अख्खा हिवाळा मोंटानात काढेल. कमांडर घरचाच आहे.

शेवटी खलनायकाच्या रँचवर धाड घालायला नायकाची अख्खी तुकडी हेलिकॉप्टरने उतरवा. सैन्याने देशात पोलिसांची कामं करू नयेत म्हणून १८७८ पासून तिकडे पोसी कमिटेटस नावाचा कायदा आहे, पण शेरीफ बिचारा एकटा काय करणार?

आता हत्यार. 'त्याने ग्लॉकची सेफ्टी खट्कन उघडली' हे वाक्य आलंच पाहिजे. नेहमीच्या ग्लॉकला अंगठ्याने सरकवायचा खटका नसतो, तिची सेफ्टी ट्रिगरमध्येच असते आणि बोट दाबलं की आपोआप सुटते. मग खट्कन काय वाजलं? बहुधा जबडा. खलनायकाच्या रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर लावा. रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये फट असते, आवाज आणि वायू तिथूनच बाहेर पडतात, तेव्हा पुढे काहीही बसवलं तरी अख्खा मोहल्ला जागा होणार. पिस्तुलाला लावला तरी आवाज १६० डेसिबलवरून १३०च्या आसपास येतो, म्हणजे कानठळ्या शाबूत. पण तुमच्याकडे 'फट' एवढाच आवाज होऊ द्या, आणि मग हवेत कॉर्डाइटचा वास दरवळू द्या. दुसऱ्या महायुद्धानंतर मागे पडलेली ब्रिटिश बंदुकीची दारू मोंटानात कोणी आणली, ते पुढच्या भागाचं रहस्य.

गोळी नायकाच्या खांद्यातच लागावी. तिथून हाताची मुख्य धमनी जाते, मज्जातंतूंचं जाळं जातं, आणि इतक्या वर टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायचा पट्टा, आवळायला जागाच नसते. नायिकेने स्कार्फ बांधला की पुरे. दोन पानांनी तो त्याच हाताने तिला उचलेल.

नायिका साक्षीदार-संरक्षणात, म्हणजे नाव-गाव बदलून लपलेली असेल तर तिने आईला फोन केलाच पाहिजे.

कुत्रा बेल्जियन मॅलिन्वा. तो बॉम्बही हुंगतो, अमली पदार्थही हुंगतो, आणि बॉम्ब सापडला की भुंकत पंजाने उकरतो. सॅन अँटोनियोच्या लॅकलंड तळावर ज्यांनी आयुष्यभर कुत्रे शिकवले त्यांना हे वाचून घेरी येईल. तिथे एका कुत्र्याला दोन्ही वास शिकवत नाहीत, कारण कुत्रा खाली बसला तर गांजा समोर आहे की स्फोटक, हे हँडलरला कळायला हवं. आणि स्फोटकाचा कुत्रा सापडल्यावर फक्त बसतो. गप्प. उकरणारा कुत्रा आणि त्याचा मालक पुढच्या प्रकरणात नसतात.

चॅप्लेन, म्हणजे सैन्यातला पाद्री, ठेवाच. सैनिकाने विश्वासाने सांगितलेलं बाहेर फोडायचं नाही हे त्याच्या कामाचं मूळ, म्हणून तुमच्या चॅप्लेनने नायकाचं गुपित चर्चच्या पार्किंगमध्ये नायिकेला सांगावं.

शिव्या नकोत, बिछाना नको, चुंबन एकच आणि तेही उपांत्य प्रकरणात. हे मात्र खरंच पाळा. यात काही वावगं नाही. ५५,००० शब्दांत प्रेत, प्रेम आणि प्रार्थना बसवणं ही कसरतच आहे, आणि काही बायका ती फार झकास करतात. संयमाने ताण वाढतो.

बायबलातलं वचन यिर्मया २९:११. 'भविष्य आणि आशा' असलेलं. मगवर छापलेलं असतं, पुन्हा शोधायला नको. त्याच्या आधीचं, दहावं वचन मात्र झाकून ठेवा. ते बाबेलात बंदी होऊन पडलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे, आणि तिथे देव म्हणतो, ७० वर्षं लागतील. पाचव्या वचनात तर, घरं बांधा, मळे लावा, म्हणजे इथेच राहायचंय. तुमच्या नायिकेला सत्तर मिनिटांत निकाल हवा.

आणि आता नायकाची जखम, आतली. अफगाणिस्तानातल्या हेलमंडमध्ये मित्र गेला, तेव्हापासून देवावर राग, रात्री ओरडत उठणं. सोपं आहे. एकोणिसाव्या प्रकरणात त्याला गावातल्या लाकडी चर्चमध्ये बसवा, मागून पियानो, डोळ्यांत पाणी, आमेन. त्या रात्री गाढ झोप. विसाव्या प्रकरणात अंगठी.

इतकं सोपं असतं तर तिकडच्या माजी सैनिकांच्या दवाखान्यांना कुलपं लावता आली असती. तिथे अशा जखमेवरची थेरपी म्हणजे बारा-पंधरा बैठका, मधल्या आठवड्यात घरचा अभ्यास, जी आठवण टाळली तीच पुन्हा पुन्हा मोठ्याने सांगायची. पुष्कळजण अर्ध्यावर सोडतात. बरे झालेलेही हॉटेलात भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करूनच बसतात. आणि अनेकांचं दुखणं भीतीचं नसतंच, आपल्या हातून जे झालं त्याचं असतं. त्याला एका गाण्यात 'क्षमा झाली' म्हणून मोकळं करणारे तुम्ही कोण? तुमचं पुस्तक घरी असा नवरा असलेली बाई वाचते. ती प्रार्थना करतेच आहे, तुमच्या नायिकेपेक्षा जास्त. तिला तुम्ही सांगताय की अजून तो ओरडत उठतो म्हणजे तिचा विश्वास कमी पडला. हा निव्वळ निर्दयपणा आहे, आणि तोही देवाचं नाव घेऊन.

शास्त्र तरी नीट वाचा. दावीद राजा देवाचा लाडका, तरी 'तू फार रक्त सांडलंस' म्हणून त्याला मंदिर बांधू दिलं नाही. इतिहासाचं पहिलं पुस्तक, २२:८. लढलेल्या माणसाबद्दल असं लिहायची हिंमत त्या जुन्या लेखकांत होती. तुमच्यात नाही. पिस्तुलाचं एक वेळ चालेल, रँकही प्रूफ वाचणारा सुधारेल. पण दुःख लिहायचं तर ज्यानं भोगलंय त्याच्यासमोर दोन तास बसा, आणि मधे बोलू नका. तेही जमत नसेल तर स्तोत्र ८८ उघडा. सबंध स्तोत्रात सुटका नाही, आणि तरी ते कोणी काढून टाकलेलं नाही. अठराच वचनं आहेत. तेवढी वाचा, आणि तोवर ते एकोणिसावं प्रकरण कोणाला पाठवू नका.