काका, ती गोळी खिशातच राहणार

गेल्या मंगळवारी चर्नी रोडच्या पुलावर अप्पांच्या छातीत आवळून आलं. हात आपसूक सदऱ्याच्या खिशात गेला. तिथे जुन्या पासाचं पाकीट असतं आणि त्यात सॉर्बिट्रेटच्या, म्हणजे छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायच्या गोळीच्या, पट्टीचे कात्रीने कापलेले दोन चौकोन. पाकीट होतं, चौकोन नव्हते. एका कॉलेजच्या मुलाने त्यांना पायरीवर बसवलं, पाणी दिलं, चार-पाच मिनिटांनी ओसरलं. त्याच रात्री ईसीजी काढून आणला, नवीन काही निघालं नाही. मग गोळ्यांचा शोध. अप्पांनी स्वतःच त्या कपाटात ठेवून दिल्या होत्या, कारण चाळीच्या ग्रुपवर शेजारच्या काकांनी 'हृदयरुग्णांनो, जागे व्हा' पाठवलं होतं.

तुम्हालाही आला असेल तो मेसेज. म्हणणं थोडक्यात असं: छातीत दुखणं बहुतेक गॅसच असतो. जिभेखालच्या गोळीची सवय लागते, म्हणून कळ सोसा. स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवायला आत बसवतात ती जाळी) निरुपयोगी हे परदेशात सिद्ध झालंय, तेव्हा गोळ्यांचाही धंदा ओळखा. काढ्याने ब्लॉकेज धुऊन निघतात. आणि एकटे असाल तर जोरजोरात खोका.

गोळीपासून सुरू करते, कारण माझं डोकं तिथेच फिरलंय.

बायपास होऊन नऊ वर्षं झाली तरी अप्पांचा अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत येणारी कळ, गेलेला नाही. बऱ्याच जणांचं असं होतं. जिना, चढ, जेवल्याजेवल्या चालणं, यात आवळून येतं आणि थांबलं की उतरतं. ती गोळी शिरा सैल करते, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, त्याच्यावरचा भार हलका होतो. रक्त पातळ वगैरे ती करत नाही. (हेही मेसेजमध्ये ठोकून दिलंय. ते खातं ॲस्पिरिनचं.) याच कुळातलं नायट्रोग्लिसरीन लंडनच्या विल्यम मरेल यांनी 1879 साली अंजायनावर वापरलं. काल-परवा कुठल्या कंपनीने काढलेलं खूळ नाही हे.

सवयीच्या गोष्टीत अर्धं खरं आहे, ते सांगून टाकते. डायनामाइटच्या कारखान्यात हेच नायट्रोग्लिसरीन हाताळणाऱ्या कामगारांचं सोमवारी डोकं ठणकायचं, आठवडाभरात शरीर सरावायचं, रविवारची सुट्टी झाली की पुन्हा सोमवारी तेच. नायट्रेटला, म्हणजे या कुळातल्या औषधांना, शरीर सरावतं, नाही असं नाही. म्हणून दिवसभर चालणाऱ्या नायट्रेटच्या गोळ्यांच्या वेळा डॉक्टर अशा लावतात की रोज काही तास, बहुधा रात्री, अंगात औषध नसावं. पण हे चोवीस तास अंगात राहणाऱ्या औषधाचं झालं. आठवड्यातून दोनदा जिभेखाली ठेवलेल्या गोळीने तसं होत नाही, आणि व्यसन तर मुळीच लागत नाही. उलट तीन मजले चढण्याआधी खालच्या बाकावर बसून एक ठेवा, हे अप्पांना त्यांच्या डॉक्टरांनीच सांगितलंय. त्या चौकोनाच्या जोरावर ते रोज चौपाटीपर्यंत जाऊन येतात. चालणंही त्यांच्या औषधातच मोडतं. कळ सोसत बसायला सांगितलंत की आधी ते बंद होणार.

इशाराच द्यायचा होता तर खरा द्यायचा: उभ्याने घेऊ नका, बीपी उतरून घेरी येते. आणि सिल्डेनाफिलसारख्या (व्हायग्राच्या जातीच्या) गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका, दोन्ही एकत्र आल्या तर जिवावर बेततं. हे मात्र ग्रुपवर टाकायला कुणी धजत नाही.

आता स्टेंट. 'परदेशात सिद्ध' म्हणजे इस्केमिया नावाचा अभ्यास. 2020 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला, 37 देशांतले 5,179 रुग्ण, आपल्याकडचेसुद्धा. आजार स्थिर असेल तर सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपास केल्याने मृत्यू आणि हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. मान्य, नाइलाजाने मान्य. काही ठिकाणी घाबरवून स्टेंट घालतात, हेही मी ऐकून आहे. पण काका, पुढे वाचा ना! गोळ्या दोन्ही गटांना चालू होत्या. स्टेंट ज्यांना मागे टाकू शकला नाही, त्या या गोळ्याच. आणि तुमच्या मेसेजने त्यातून गोळ्या बंद करा असं काढलं! शिवाय डाव्या मुख्य रक्तवाहिनीत मोठा अडथळा असलेले त्यात घेतलेच नव्हते, आणि ज्यांना वारंवार दुखायचं त्यांना स्टेंट-बायपासने जास्त आराम पडला. अप्पा बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके संथ करणारी गोळी, घेतात. ती गोळी एकदम सोडली तर अंजायना उसळून येतो.

गॅस? दर वेळी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर येतो आणि थांबलं की जातो? गॅसला मजला कळत नाही.

काढा म्हणजे लसूण, आलं, लिंबू, व्हिनेगर आटवून त्यात कपाकपाने मध. अप्पांना मधुमेह आहे. आणि ब्लॉकेज म्हणजे पावसाळ्यापूर्वी उपसायचा नाल्यातला गाळ नव्हे, चरबी रक्तवाहिनीच्या भिंतीत मुरलेली असते. फ्रिजमधली बाटली मी मोरीत ओतली.

राहिलं खोकणं. खोकत बसू नका. बसायचं, एक गोळी ठेवायची, पाच मिनिटांत उतरलं नाही तर 108. बसल्याजागी काही न करता दुखू लागलं किंवा पूर्वीपेक्षा वेगळं दुखलं, तरी 108. अप्पा एकटे असले की आधी दाराची कडी काढतात आणि मग खुर्चीत बसतात. आपल्या चाळीत दार उघडं दिसलं की कुणीतरी डोकावतंच. बहुतेक वेळा तुम्हीच, काका.