‘स्टार मोजून मॅच जिंकत नाहीत’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये टीम जिंकते ती जास्त स्टारवाल्या पोरांच्या जोरावर, असं मी माझ्या पोस्टमध्ये लिहिलं होतं (हायस्कूलच्या खेळाडूंना रँकिंगच्या साइट पाचपर्यंत स्टार देतात), त्यावर तुमची ही प्रतिक्रिया आली. मतभेद असू द्या, त्याचं काही नाही. पण ‘एक्सेल उघडून बसणाऱ्या काकांनी कॉलेज फुटबॉल शिकवू नये, आधी मैदान बघून यावं’ असलं वाक्य नाव न लिहिता टाकायचं, ही कुठली पद्धत? मुद्दा मांडायला एवढं बोचकारायलाच लागतं का?

आणि मैदानाचंच म्हणाल तर मी अटलांटाच्या उत्तरेला राहतो, माझा मुलगा इथल्या हायस्कूलच्या टीममध्ये ऑफेन्सिव्ह लाइनवर (चेंडू असलेल्या आपल्या खेळाडूला वाचवणारी पुढची रांग) खेळलाय, शुक्रवारी रात्री त्या गार पडलेल्या बाकांवर बसून मी प्रत्येक स्नॅप (चेंडू खेळात येतो तो क्षण) बघितलाय. त्याच्या शेजारी एक पोरगं उभं राहायचं, दांडगं, हात लांबच लांब, पण पाय इतके हलके की समोरचा एजवरून, म्हणजे लाइनच्या कडेनं, आत घुसायच्या आधी हा तिथे पोचलेला असायचा. त्याला बघायला मोठ्या कॉलेजांचे कोच यायचे. माझा मुलगा त्याच्याइतकाच राबायचा, कोचही तोच, तरी फरक पहिल्या स्नॅपलाच दिसायचा. तेव्हा मैदान बघितलंय का, हे मला विचारू नका.

आता तुमचा बेनेट, जॉर्जियाच्या कॉलेज टीमचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू). तुम्ही म्हणता, ‘स्टेटसन बेनेट वॉक-ऑन (शिष्यवृत्तीशिवाय टीममध्ये आलेला) होता, फाइव्ह-स्टार जेटी डॅनियल्स बेंचवर बसला आणि जॉर्जिया दोनदा चॅम्पियन झाली, मग रँकिंगला काय अर्थ?’ अहो, बेनेट एकटा खेळत होता का? २०२२ च्या सीझनमध्ये त्याचा लेफ्ट टॅकल (लाइनच्या डाव्या टोकाचा खेळाडू) होता ब्रॉडरिक जोन्स, फाइव्ह-स्टार. राइट टॅकल वॉरन मॅक्लेंडन दुखापतीने बाहेर गेला तर प्लेऑफला (चॅम्पियन ठरवणाऱ्या शेवटच्या मॅचना) त्याच्या जागी उभा राहिला अमेरियस मिम्स, तोही फाइव्ह-स्टार, जो तोवर बेंचवर होता! रँकिंग एकट्या पोराचं भविष्य सांगत नाही, असं मी मूळ पोस्टमध्येच लिहिलंय. ते सांगतं की एक माणूस पडला तर मागून कोण येणार. आदल्या वर्षीच्या त्यांच्या डिफेन्समधले तर पाच जण एनएफएल या व्यावसायिक लीगच्या एकाच ड्राफ्टच्या (खेळाडू-निवडीच्या) पहिल्या राउंडला गेले, त्या डिफेन्समुळे बेनेटवर किती कमी ओझं होतं ते बघा जरा.

२०२२ च्या सीझनच्या फायनलला जॉर्जियासमोर टीसीयू (टेक्सासचं एक कॉलेज) होती. त्यांनी फिएस्टा बोल या सेमीफायनलमध्ये मिशिगनला ५१-४५ हरवलं तेव्हा मी घरात ओरडलो होतो, मला अंडरडॉग आवडत नाहीत असं नाही. पण ९ जानेवारी २०२३ ला फायनलला काय झालं? ६५-७. एका रात्री चमत्कार होतो, पण पुढच्या मॅचला परत तेवढ्याच ताकदीची लाइन समोर उभी राहते आणि तुमच्याकडे बदली माणूस नसतो, तिथे स्टार मोजावेच लागतात.

टेक्सास ए अँड एमचं तुमचं उदाहरण बरोबर आहे, मान्य. २०२२ चा एक नंबरचा क्लास (त्या वर्षी घेतलेल्या नव्या पोरांची तुकडी) आणि सीझन ५-७ (पाच जिंकल्या, सात हरल्या). पण तो क्लास म्हणजे नुकती हायस्कूलमधून आलेली पोरं, त्यांच्याकडून पहिल्याच सीझनला हिशेब मागायचा? कोच टॅलेंट वाया घालवू शकतो हे मी कधी नाकारलं? त्यांच्या कोचला, जिम्बो फिशरला, पुढच्या वर्षी साडेसात कोटी डॉलरच्या वर मोजून घरी पाठवलं ते त्याचमुळे. तरीही २०१५ ते २०२४ या दहा सीझनचे चॅम्पियन काढून बघा, अलाबामा, क्लेमसन, एलएसयू, जॉर्जिया, मिशिगन, ओहायो स्टेट. यातल्या एकाही टीमने हायस्कूलमधून घेतलेल्या पोरांत फोर-फाइव्ह-स्टार निम्म्याहून कमी नव्हते.

राहिला तुमचा आरोप, की मोठ्या कॉलेजची ऑफर आली की साइटवाले स्टार वाढवतात. वाढवतात की! म्हणजे ज्यांची नोकरी त्या पोरावर अवलंबून आहे त्या कोचांचं मतही रँकिंगमध्ये आलं, मग ते जास्त भरवशाचं झालं ना?

पोर्टल (कॉलेज बदलायची सोय) आणि एनआयएल (खेळाडूंना स्वतःच्या नावावर मिळणारा पैसा) याबद्दल तुम्ही जे काय लिहिलंय त्यावर इथे बोलत नाही, तो वेगळा विषय आहे. कॉमेंट उडवत नाहीये. फक्त ते ‘काका’वालं वाक्य काढा आणि नाव लिहा.