आकडा दाखवणारा कूलर, गार करणारा कूलर

चवथीच्या ऑफर सुरू झाल्या आणि एक मेसेज गोव्यातल्या ग्रुपांवर फिरू लागला. मला तो तीन दिवसांत सात जणांनी पाठवला. दोघांनी खाली ‘तुमच्याकडे आहे का?’ असंही विचारलं. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: गोव्यासारख्या उष्ण, दमट ठिकाणी कॉम्प्युटर असेंबल करायचा तर प्रोसेसरला स्क्रीनवालाच एअर कूलर घ्या, म्हणजे पंख्याने प्रोसेसर गार करणारा आणि डोक्यावर तापमानाचा आकडा दाखवणारा. त्याला स्वतःचा सेन्सर असतो, म्हणून तापमान सॉफ्टवेअरपेक्षा अचूक कळतं. तो साध्यापेक्षा जास्त गार करतो. खोक्यावर २६० वॅट लिहिलं असेल तर तेवढ्या वॅटचा कुठलाही प्रोसेसर डोळे मिटून लावा. आकडा ७०च्या वर गेला की मशीन ताबडतोब बंद करा, नाहीतर प्रोसेसर जळतो. आणि दमट हवेत कूलर फार गार झाला तर त्यावर पाणी धरतं, ते स्क्रीनमुळे वेळीच समजतं.

मी फोंड्यात मशीनं जोडतो आणि दुरुस्त करतो. स्क्रीनवाले कूलर विकतोही, तेव्हा हा मेसेज खरं तर माझ्या फायद्याचाच. पण त्यापायी जी मशीनं टेबलावर येतात ती बघून गप्प बसवत नाही.

सेन्सरचं आधी. कूलरच्या स्क्रीनमागे प्रोसेसरचं तापमान मोजणारं सहसा काहीच नसतं. सेन्सर प्रोसेसरच्या चिपमध्येच असतो, इंटेल असो की एएमडी. विंडोजमध्ये चालणारं कंपनीचं छोटं अ‍ॅप तो आकडा वाचतं आणि मदरबोर्डवरच्या नऊ पिनांच्या यूएसबी जोडातून बारीक वायरीने कूलरच्या डोक्यावर पाठवतं. म्हणजे फुकटचं सॉफ्टवेअर जो आकडा दाखवतं, तोच इथे मोठ्या अक्षरांत दिसतो. सॉफ्टवेअरपेक्षा अचूक कसा असेल? तो सॉफ्टवेअरचाच आहे.

जूनमध्ये कुर्टीचा एक मुलगा स्कूटरच्या पुढ्यात, रेनकोटात गुंडाळून कॅबिनेट घेऊन आला. कूलर मेला म्हणाला. स्क्रीनवर नुसत्या दोन आडव्या रेघा. मी काच काढली: पंखा फिरतोय, मागून कोमट हवा येतेय. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्रॅममध्ये, आकडा ४१. मग विचारलं, विंडोज नवीन टाकलीस का रे? परवाच टाकली होती, आणि कूलरचं अ‍ॅप कोण टाकणार? अ‍ॅप उतरवलं, रेघांच्या जागी आकडा आला. तेवढ्यासाठी तो पावसात भिजत आला होता.

या अ‍ॅपांची आणखी एक भानगड आहे. तापमान वाचणारे बरेच प्रोग्रॅम वर्षानुवर्षं ‘विनरिंगझिरो’ नावाच्या एका जुन्या ड्रायव्हरवर (हार्डवेअरशी बोलणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमवर) चालत आले. त्यातली सुरक्षेची त्रुटी २०२०मध्येच नोंदली गेली होती. २०२५च्या मार्चमध्ये विंडोजचाच अँटीव्हायरस, विंडोज डिफेंडर, त्याला धोकादायक म्हणून अडवू लागलं, तेव्हा लोकांना वाटलं मशीनमध्ये व्हायरस शिरला. लिनक्स वापरणाऱ्यांना तर कंपनीचं अ‍ॅप सहसा मिळतच नाही, कुणा हौशी प्रोग्रॅमरने लिहिलेल्यावर भागवावं लागतं. कूलरचं अॅल्युमिनियम-तांबं दहा वर्षं टिकेल. अ‍ॅप दहा वर्षं कोण सांभाळणार, हे विकत घेताना कुणीच विचारत नाही.

आता जास्त गार करण्याचं. डीपकूल कंपनीचा साधा एके६२० घ्या आणि एके६२० डिजिटल घ्या. दोन्हीत सहा हीट पाइप (उष्णता वर पात्यांकडे नेणाऱ्या नळ्या), दोन्हीत १२० मिलीमीटरचे दोन पंखे. गार करणारा ऐवज तोच. फरक वरच्या टोपीत, आणि उंचीत: साधा १६० मिलीमीटर, डिजिटल १६२. हसू नका, त्या दोन मिलीमीटरांनी माझा एक अख्खा शनिवार खाल्ला आहे. गिऱ्हाइकाच्या कॅबिनेटची मर्यादा १६० होती आणि काच काही केल्या बसेना. शेवटी कूलर बदलून दिला. थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई घ्या: उंची १५५, हीट पाइप सहाच, स्क्रीन नाही, आणि कामाला कुठे कमी नाही. (एअर कूलरमध्ये पाणी नसतं म्हणून गळायची भीती नाही, असं सांगणारेही भेटतात. हीट पाइपच्या पोटात सहसा थोडं पाणीच असतं. प्रोसेसरच्या टोकाला त्याची वाफ होते, पात्यांकडे जाऊन ती निवते आणि आतल्या वातीसारख्या अस्तरातून पाणी परत खाली येतं. नळी सीलबंद असते म्हणून गळत नाही, एवढंच.)

खोक्यावरच्या वॅटबद्दल, म्हणजे कूलर किती उष्णता हटवतो त्या आकड्याबद्दल, फार लिहीत नाही. हा आकडा कसा काढायचा याचा सगळ्या कंपन्यांना बांधणारा एकच नियम नाही, त्यामुळे एकाचे २२० आणि दुसऱ्याचे २६० शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही. प्रोसेसरचाही आकडा नीट वाचा. इंटेलच्या कोअर आय५-१२४००वर ६५ वॅट लिहिलेलं असतं, पण जोर लावला की त्याची मर्यादा ११७ आहे. आय९-१४९००केची २५३. साध्या आय५ला चांगला चार पाइपांचा कूलर पुरून उरतो. तो आय९ मात्र, आपल्या हवेत, २६० लिहिलेल्या कूलरचाही घाम काढतो.

आपल्या हवेत हे मुद्दाम म्हटलं. कूलरांची परीक्षणं सहसा २१-२२ अंशांच्या खोलीत होतात. कूलर गार करतो तो खोलीच्या हवेच्या हिशेबाने, आणि हवेपेक्षा खाली कधीच जाऊ शकत नाही. तिकडे ७२ दाखवणारं मशीन मे महिन्यात आपल्या ३३ अंशांच्या माडीवर साधारण ८३ दाखवणार. कूलर खराब नाही, माडी तापलेली आहे.

यातूनच ७०ची भीती येते. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बऱ्याच प्रोसेसरांची कमाल मर्यादा ९५ अंश आहे, आणि कामाचा ताण आला की ते तिथपर्यंत जाऊनही व्यवस्थित चालावेत असेच बनवलेत. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीतल्या डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा साधारण १००. मर्यादेजवळ पोचलं की प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो, त्यानेही भागलं नाही तर मशीन आपोआप बंद होतं. साधं ब्राउझर उघडलं तरी आकडा क्षणात ४२वरून ६५वर उडी मारतो आणि तसाच खाली येतो. स्क्रीन समोर असली की हीच उडी बघून माणूस हादरतो. म्हापशाच्या एका दुकानदारकाकांनी मेसेज वाचला होता. आकडा ७४ दिसताच त्यांनी भिंतीवरचा स्विच खट्टकन बंद केला. प्रोसेसरला काही झालं नाही, हिशेबाच्या टॅली प्रोग्रॅमची डेटा फाइल मात्र खराब झाली. बॅकअप आठवड्यापूर्वीचा.

आकडा किती, यापेक्षा तो बदलला का ते बघा. त्याच कामाला दिवाळीत ६८ यायचे आणि आता ८८ येतात, तर काहीतरी बिनसलंय. डिचोली-सांखळीकडची मशीनं उघडली की पात्यांत लाल धुळीचा नमदा बसलेला असतो. घरात अगरबत्ती लागत असेल तर तो चिकटही होतो, ब्लोअरने निघत नाही, ब्रश घ्यावा लागतो. नवीनच मशीन असून पहिल्या दिवसापासून ९०च्या वर जात असेल, तर कूलर काढून तळ बघा. वर्षाला दोन-तीनदा तरी तांब्यावरची प्लास्टिकची फिल्म तशीच चिकटवलेली सापडते.

दमट हवेचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही, फक्त तो उलटा सांगितला आहे. पाणी धरायला पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं त्या तापमानापेक्षा, गार लागतो. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू साधारण २७ अंशांवर येतो. एअर कूलर खोलीच्या हवेखाली जातच नाही, म्हणजे चालू मशीनमध्ये त्याच्यावर पाणी धरायचा प्रश्न नाही. धोका कुठे, तर एसीच्या खोलीत. रात्रभर एसी २३वर, मशीन बंद, आतलं सगळं धातूकाम २३ अंशांवर. सकाळी एसी बंद करून खिडकी उघडली की आषाढातली ओली हवा आत येते, आणि फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला फुटतो तसा घाम कॅबिनेटला आतून फुटतो. त्याच क्षणी मशीन सुरू करू नका, अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. वास्को, बायणा भागात खारं वारंही आहे. तिथल्या कॅबिनेटचे स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजून डोकं गमावतात. यातलं काहीही स्क्रीनला कळत नाही. मशीन बंद असतं तेव्हा सहसा तीही बंद असते.

मग हे कूलर घेऊच नयेत का? घ्या की. ज्याला अ‍ॅपं उघडायचा कंटाळा आहे, किंवा रात्रभर व्हिडिओ रेंडरला लावून स्वयंपाकघरातून मान वळवून बघायचंय, त्याला तो आकडा सोयीचा आहे. दिसतोही छान. फक्त आधी तीन गोष्टी तपासा. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात कूलरची कमाल उंची किती दिली आहे. मदरबोर्डवर नऊ पिनांचा यूएसबी जोड मोकळा आहे का. स्वस्त बोर्डांवर एक-दोनच असतात आणि त्यातला एक कॅबिनेटचे पुढचे पोर्ट खातात. तिसरी गोष्ट कुणीच सांगत नाही: काच सहसा कॅबिनेटच्या डाव्या अंगाला असते. कॅबिनेट तुमच्या उजव्या हाताला असेल तर स्क्रीन तुमच्याकडे बघते, डाव्या हाताला असेल तर पलीकडच्या भिंतीला तापमान सांगत बसते.

‘तुमच्याकडे आहे का?’ विचारणाऱ्या दोघांपैकी एकाला मी लिहिलं, मशीन ठेवलंय तिथला फोटो पाठव. पाठवला. कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलाच्या खालच्या कप्प्यात, तिन्ही बाजूंनी प्लायवूड, पुढे दार आणि दाराला कडी. त्याला कळवलं, कूलरचं नंतर बघू, आधी ते दार काढ.